सात्यांची जागा

लोकेशन बंद ठेवणे हा माझा धर्म आहे. ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या गावात मी घरूनच संगणकाचे काम करतो. आपली माहिती आपल्याच घरात राहावी या हट्टापायी मी धानाच्या कोठीशेजारी स्वतःचा सर्व्हर थाटला आहे. घरचे सगळे फोटो त्यात, तेही कुलूपबंद. गावाच्या ग्रुपमधून बाहेर पडताना मी लांबलचक निवेदन टाकले होते. त्याखाली लगेच कुणीतरी गुड मॉर्निंगचे फूल टाकले.

आईच्या मोबाईलचे लोकेशनही मीच बंद केले. तू कुठे जातेस हे परक्या कंपनीला कशाला कळायला हवे, असे तिला समजावले. तिला ते झटकन पटले. माझे इतके लवकर पटलेली आजवर ती एकटीच, आणि त्याला कारण होते. पावसाळ्यात रानातल्या वारुळांवर सात्या उगवतात, पांढऱ्या, चवीला मटणाच्या तोंडात मारतील अशा अळंब्या. ज्याला जागा सापडली तो ती सख्ख्या भावालाही सांगत नाही. सांगितली की पुढच्या साली त्या उगवत नाहीत म्हणे. खरे म्हणजे शेजारीण आधी पोचते.

श्रावणातल्या एका सकाळी आई टोपली घेऊन गेली ती दुपार कलली तरी परतली नाही. त्या भागात वाघ फिरत होता. फोन लावला तर लागेना. निदान तिची शेवटची जागा तरी दिसली असती, पण ती न दिसण्याची व्यवस्था मी चोख केली होती. मी धावत जाऊन वनरक्षकाला गाठले.

कोणत्या बाजूला गेल्या, असे वनरक्षकाने विचारले. मला माहीत नव्हते. ग्रुपवर टाकायला फोटो मागितला. वीज गेलेली, सर्व्हर बंद, आणि माझ्या मोबाईलमध्ये स्वतःच्या आईचा एक फोटो नाही. शेवटी शेजारच्या बाईंनी एका लग्नातला फोटो दिला. तो पुसून टाका म्हणून मी त्यांच्यामागे भुणभुण लावली होती. त्यांनी मला भीक घातली नव्हती, हे किती बरे झाले.

सारे गाव थाळ्या आणि डबे बडवत रानात शिरले. सगळ्यांत पुढे मी, ‘आई, आई’ ओरडत. नाल्यापलीकडच्या झुडपांतून ती बाहेर आली. टोपली काठोकाठ भरलेली. सात्या इतक्या निघाल्या होत्या की वेळेचे भान राहिले नाही, एवढेच झाले होते. मी चारचौघांत रडलो. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्यामागचे गाव ती कुठल्या झुडपातून निघाली ते बघत होते, आणि ती त्या गावाकडे.

घरी येऊन सात्या धुताना ती म्हणाली, “आपल्या मोबाईलची जागा लपवून राह्यला तू, अन् माही जागा साऱ्या गावाले दाखवली.”

दुसऱ्या दिवशी ते वारूळ पार साफ झाले. संध्याकाळी शेजारच्या बाईंनी आमच्याकडे वाटीभर भाजी पाठवली. चवीवरून कळलेच, कुठली ते.

पुढच्या आठवड्यात आईने मला उठवले आणि मोबाईल घरी ठेवून चल म्हणाली. शेतांच्या बांधावरून, पार उलट्या बाजूने ती मला रानात घेऊन गेली. मोहाच्या झाडामागे आणखी एक वारूळ होते. माहितीची एक प्रत दुसरीकडे ठेवावी, असे मी जगाला शिकवत फिरतो. ही बाई न शिकता ते करून बसली होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मी तसे हसत म्हणालोही. ती हसली नाही.

“एखाद् दिवशी मी वापस नाई आली, तं पहिले इथी पाहजो,” ती म्हणाली.

मी हो म्हटले. परतताना ती पुढे चालत होती आणि मी मागून वाट पाठ करत होतो. डोळे भरून आल्याने एका वळणाला चुकलोच, तर तिने मागे वळून हाताला धरून आणले.