झाकलेलं साणं

तीन दिवस बर्फ पडला आणि चौथ्या दिवशी सकाळी आभाळ उघडलं ते नुसता गारठा ओतायला. असल्या सकाळी आमच्या डोंगरात चुलीआधी माळवदावर चढावं लागतं. मातीची छपरं. बर्फ बसला की तुळया करकरतात, आणि दुपारी उन्हानं पाणी मुरलं की घर अंगावर येतं. तोदा सुईण साठी उलटलेली, पण लाकडी फावडं घेऊन शिडीवर सगळ्यांच्या आधी. कुणी हात लावतो म्हटलं तर म्हणायची, "माझ्या डोक्यावरचं ओझं आहे, मीच काढते."

गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर आली. लेकीसुना तिला मानानं लल्ला म्हणत, आणि पाठ फिरली की 'थंडीची सुईण'. कारण बाळंतिणीच्या खोलीत शिरली की ती आधी शेगडी उचलून बाहेर ठेवायची. "स्वतःचं जगलं नाही, म्हणून दुसऱ्यांची गारठवते," असंही एखादी बोलायची. तोदाला ते ऐकू जायचं. गाव केवढं ते.

अर्धं माळवद झाडून ती दम खायला थांबली. वरून घराघरातलं सगळं कळतं. ज्या खोलीत विस्तव, तिच्या छपरातल्या साण्यातून वाफ-धूर वर येतो आणि त्या भोकाभोवतीचा बर्फ वितळून काळं कडं पडतं. शेजारच्या यामनाच्या घराला दोन साणी. चुलीच्या साण्याला कडं होतं. दुसरं, तिच्या सुनेच्या बाळंतखोलीचं, दिसतच नव्हतं. तिथं बर्फाचा एक उंचवटा होता, आणि तो मधोमध मऊ पडून खचत चालला होता.

म्हणजे आत विस्तव, आणि वर झाकण.

तोदानं फावडं तिथंच टाकलं. गल्लीला वळसा घालायला वेळ नव्हता. ती माळवदावरून माळवदावर, गुडघाभर बर्फातून गेली. हातांनी बर्फ उपसला, खालचं घोंगडं ओढलं, फरशी सरकवली. भोकातून गरम हवा तोंडावर आली. धूर नाही, वास नाही. निखाऱ्याच्या विषाचं हेच वाईट.

शिडीनं अंगणात उतरली तर यामना सातूची कांजी ढवळत उभी.

"तोदे, छपरावरून गं? चोर झालीस का मांजर?"

"साणं कुणी झाकलं?"

"मीच झाकायला लावलं. माझ्या लेकानं, बास्सूनं, फरशी चढवली आणि गेला मेंढ्यांकडं. सहा दिवसांचं पोर, वरून वारा थेट टाळूवर. उद्या सातव्या दिवशी नाव ठेवायचं, मेंढा बांधलाय, तोवर जपायला नको?"

"आत शेगडी आहे?"

"आहे की. धूर सगळा अंगणात मरू दिला, लालबुंद झाल्यावर मगच आत नेली. मला काय कळत नाही होय?"

दाराच्या फटीत गोणपाट कोंबलेलं होतं. तोदानं दार लोटलं. रब्हा, यामनाची सून, कुशीवर पडलेली. उशाशी ओकली होती. "लल्ला, डोकं फुटतंय," एवढंच ती म्हणाली, तेही जीभ जड होऊन. तिच्या बाजूला तीन घोंगड्यांखाली बाळ, दोरखंडानं आवळल्यासारखं बांधलेलं, निपचित.

"गाल बघ," यामना मागून म्हणाली. "सफरचंदासारखे. आणि तू म्हणतेस थंडी बरी."

तोदानं ते गाल ओळखले. बत्तीस हिवाळ्यांपूर्वी तिचा पाच दिवसांचा लेक असाच लाल होऊन निजला होता, नाव ठेवायच्या आधी. जिन्न भुतानं नेलं, असं गाव म्हणालं, तीही म्हणाली. पुढं काही वर्षांनी बंद खोपटात शेगडीपाशी दोन धनगर मेलेले सापडले, अंगावर ओरखडा नाही, आणि त्यांची मढी धुणारा म्हणाला, गाल पोरींसारखे लाल होते. त्या दिवशी तिला कळलं, कुणी नेलं ते.

तिनं बाळ उचललं. "यामने, सुनेला ओढ बाहेर."

"बाहेर बर्फ आहे. मारशील पोराला."

"मेलं तर माझ्या नावावर सांग गावाला. ओढ आधी."

पडवीत तिनं बाळाची बांधणी सोडली. अंग मऊ पडलेलं, छाती हलते न हलतेशी. आपल्या झग्याच्या आत, उघड्या छातीवर त्याला घेतलं, तोंड हवेला मोकळं ठेवलं, पाठ चोळली, तळव्यांना टिचक्या मारल्या. काही नाही. दवाखान्याचा रस्ता बर्फाखाली, दोन दिवस तरी. यामनानं रडायला तोंड उघडलं.

"अजून नाही," तोदा म्हणाली. "त्याला ऐकू जाईल."

बऱ्याच वेळानं पोराला उचकी लागली. मग एक बारीक, करडासारखा आवाज आला. रब्हा भिंतीला टेकून रडायला लागली.

शेगडी अंगणातल्या बर्फात गेली. खोलीचं दार-साणं उघडं ठेवून आतली हवा पार बदलली. मग तोदानं यामनाला चुलीवर दगड तापवायला लावले, फडक्यात गुंडाळून ते भाकरीच्या लाकडी काथवटीत ठेवले, काथवट ऊबदार झाल्यावर दगड काढून घेतले. एकच लोकरी दुपटं, छातीपर्यंत नीट खोवलेलं. बाळ काथवटीत उताणं, तोंडाशी काही नाही.

"हात गार लागतात त्याचे," यामना पुटपुटली.

"हात गार लागू देत. मानेखाली बोट घाल. तिथं ऊब आहे ना? मग पुरे. रडला तर छातीशी घे, पण जागी राहून. आणि साण्याला हात लावायचा नाही."

दुपारपर्यंत ती तिथंच बसली. बाळानं दोनदा दूध ओढलं नि सोडलं. तिसऱ्यांदा गिळल्याचा आवाज आला.

"वाचला ना गं?" यामनानं विचारलं.

"आज प्यायला. डोक्यात काय राहिलं, काय गेलं, ते चालायला लागला की कळेल."

यामनानं दुपट्याचं टोक सारखं केलं. मग हळूच म्हणाली, "तुझ्या वेळी साणं कुणी झाकलं होतं?"

"मीच. घोंगडं नवं होतं, लग्नातलं."

छपरातून टपटप आवाज येऊ लागला होता. ऊन चढलं होतं, आणि तोदाचं अर्धं माळवद अजून तसंच होतं. ती गुडघ्यावर हात देत उठली, शिडी चढली, बर्फात रुतलेलं फावडं उपसून काढलं.