आमेनच्या जागी

रत्नागिरीत आमची ख्रिस्ती घरं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती. ऐंशीच्या दशकात मुंबईहून एक उपदेशक आले. आईचे गुडघे धरले होते, म्हणून आम्ही त्यांना घरी प्रार्थनेला बोलावलं. ते म्हणाले, शेजारणीने करणी केली आहे. मग हात वर करून सुरूच झाले, "तिच्या घराचं वाटोळं होऊ दे! तिचा हात झडू दे!" प्रत्येक वाक्याला आम्ही आमेन म्हणत होतो. शेवटच्या वाक्याला आईच्या तोंडून निघालं, "व्हय म्हाराजा!"

आई पाली गावाकडच्या शेतकरी घरात वाढलेली. तिथे देवळात गुरव गाऱ्हाणं घालायचा, आणि त्याच्या प्रत्येक मागणीला सगळा गाव हेच म्हणायचा. पण तिचा बाप्तिस्मा होऊन तीस वर्षं झाली होती! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उपदेशक म्हणाले, हिच्यात जुनं भूत आहे. मला ते खरंही वाटलं आणि त्यांचा संतापही आला. काही कळेना.

आई शांतपणे म्हणाली, "भूत नाय हो. तुमचं मागणं मला गाऱ्हाण्यासारखं वाटलं. पण गाऱ्हाण्यात गावाचं भलं तरी मागतात. येशूच्या नावाने शेजारणीचं वाटोळं मागायला आम्हाला कोणी शिकवलं नाय."

उपदेशक चहा न घेताच गेले.

आई चुकली की नाही, मला अजून ठरवता येत नाही. त्याच सकाळी शेजारीण आईच्या गुडघ्यांना लावायला उंडीचं तेल गरम करून घेऊन आली होती. आणि सगळ्यांत मोठ्याने आमेन मीच म्हटलं होतं.