बादलीतला हातमोजा

"वॉटरप्रूफ म्हणजे एकदम वॉटरप्रूफ," दुकानदार काका नाकातून म्हणाले. मीही त्यांची नक्कल करत नाकातूनच म्हटलं, "मग बघूया की काका," आणि हातमोजा घालून मनगटापर्यंत हात दुकानातल्या पाण्याच्या बादलीत बुडवला. मागच्या थंडीत बोटं बधिर होऊन मला ब्रेक दाबता आला नव्हता. यंदा धड हातमोजे मिळाले नाहीत तर गाडी विकायची, असं आईनं बजावलं होतं.

काका माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले. 'एकदम वॉटरप्रूफ' हे वाक्य ते रोज बोलतात, पण तपासलं कधीच नव्हतं. आपणही किती गोष्टी अशाच ठोकून देतो.

हात बाहेर काढला. हातमोजा आतून कोरडा, उबदार. काकांनी स्वतः मोज्यात बोटं घालून पाहिली आणि आतल्या खोलीकडे वळून बायकोला म्हणाले, "अगं, हे खरंच वॉटरप्रूफ आहेत."