तीन मिनिटे झाली, वाढवू?

बोलायला शिकवणारे मास्तर जगात पुष्कळ असतील, पण समोरच्या माणसाचं तोंड न बघता सबंध जन्म बोलण्यात घालवलेला मास्तर फक्त मला मिळाला. हे आमचे तंजावूरचे शेजारचे काका. तिथल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी तीस वर्षं परगावचे ट्रंक कॉल जोडून दिले. कानाला हेडफोन आणि पुढ्यात भोकाभोकांचा बोर्ड असला की काका तमिळ, इंग्रजी, हिंदी आणि तंजावूरच्या आम्हा मराठी घरांतली पिढीजात मराठी अशा चार भाषांत कलकत्त्याच्या ऑपरेटरला हसवत आणि दिल्लीच्या साहेबाला थोपवून धरत. प्रत्यक्ष माणूस समोर उभा राहिला की मात्र त्यांची वाचाच बसे. काकू सांगत, "मला बघायला आलते तेव्हां अख्खा वेळ खांबाशीं बोललेत. मी बाबांना म्हंटलें, ह्यांचें लग्न खांबाशींच लावा."

कॉफीची पूड आणायला गेले तरी काका दुकानदाराकडे पाठ करून, रस्त्याकडे बघत, "अर्धा किलो, चिकोरी कमी" असं खणखणीत सांगत. दुकानदार मुकाट्यानं पुडी त्यांच्या खांद्यावरून पुढे देई. नव्या गिऱ्हाइकाला वाटे, दोघांचं जुनं भांडण असावं.

दुसरी सवय घड्याळाची. ट्रंक कॉल तीन मिनिटांचा. ती संपली की ऑपरेटरनं मध्ये पडून विचारायचं, वाढवायचा का. पुढे काका निवृत्त झाले, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बूथ निघाले, लोक आपापले नंबर आपणच फिरवू लागले, तरी काकांचं विचारणं थांबलं नाही. एका लग्नात नवऱ्या मुलाचे मामा भाषणाला उभे राहिले आणि रंगात आले, तेवढ्यात खांबामागून आवाज आला, "तीन मिनिटें झालीं. वाढवूं?" मामा दचकून खालीच बसले. त्या दिवशी पंगत वेळेवर उठली आणि काकूंनी लाजेनं आठवडाभर त्या लग्नघराकडे तोंड वळवलं नाही.

मी त्या वेळी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि जवळजवळ मुकी होते. मराठी घरापुरती, तमिळ बाजारापुरती, इंग्रजी वहीपुरती. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नुसतं नाव विचारलं, तर मला तेही सांगता आलं नव्हतं. अशात नोटीस लागली की मद्रासची एक कंप्यूटर कंपनी कॉलेजात मुलाखती घ्यायला येणार. आमच्या वर्गातल्या मुलींना असं काही पहिल्यांदाच मिळत होतं. आईनं मात्र शिवणाच्या वर्गाचा अर्ज भरून देवाच्या कोनाड्यात ठेवला. "ही बोलणार नाहीं," ती बाबांना म्हणाली. "सुई तरी बोलायला लावत नाहीं." तो अर्ज मला रोज सकाळी दिव्याच्या उजेडात दिसे.

गल्लोगल्ली स्पोकन इंग्लिशचे फलक लागले होते, पण बाबांनी मला काकांकडे धाडलं. काकांनी दाराला काकूंच्या जुन्या लुगड्याचा पडदा लावला. अलीकडे मी, पलीकडे काका. "लाइन साफ आहे. बोल गे." मग ते कधी तापट व्यापारी होत, कधी बहिरे साहेब, कधी नुसतीच खरखर. मला प्रत्येकाशी तीन मिनिटांत काम उरकायचं असे. आधी चिठ्ठीवर चार ओळी लिहायच्या: मी कोण, कशासाठी, काय हवं, आभार. आजही माझ्या पर्समध्ये यादी नसली तर मला चप्पल विसरल्यासारखं वाटतं, त्याचं मूळ हे. मी घाबरून आवाज चढवला की पडदा म्हणे, "अय्यो, ओरडूं नको. ओरडल्यानें लाइन सुधारत नाहीं. सावकाश सांग. आणि आधीं ऐक, मग बोल." दोन महिन्यांत मी पडद्याशी तिन्ही भाषांत भांडू लागले. मला वाटलं, जमलं.

मुलाखतीच्या चार दिवस आधी आमच्या सरांनी वर्गात सराव घेतला. मी चिठ्ठी पाठ करून खुर्चीत बसले, मान वर केली आणि समोर एक अख्खा चेहरा! भुवया, चष्मा, वाट बघणारे डोळे. शेवटी एकच वाक्य बाहेर आलं. "सर, आपण जरा पाठ करून बसाल का?" वर्ग असा हसला की बाहेरचा शिपाई डोकावून गेला.

मी तशीच काकांकडे गेले आणि पडद्याला सगळं सांगितलं. "काका? लाइन तुटली का?" मला रडू फुटलं. "तुम्ही मला तुमच्यासारखंच केलंत!" बोलून गेले आणि जीभ चावली.

मग पडदा हलला. काका बाहेर आले, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि माझ्या हनुवटीकडे बघत इंग्रजीत म्हणाले, "टेल मी अबाउट युवरसेल्फ." कपाळावर घाम. हातातल्या पेल्यातलं पाणी हिंदकळत होतं. मी माझी भीती विसरून त्यांच्याकडेच बघत राहिले. पेला सांडू नये म्हणून मी सावकाश बोलू लागले, सोपं सोपं, आजाऱ्याशी बोलावं तसं. हळूहळू पाणी हलायचं थांबलं. दाराआडून काकू म्हणाल्या, "मला चाळीस वर्षांत एवढें बघितलें नाहीं हो!" पुढचे तीनही दिवस काका तसेच बसले. माझ्या चिठ्ठीत पाचवी ओळ आली: समोरचाही घाबरलेला असतो.

मद्रासहून आलेला साहेब माझ्याहून फार तर पाच वर्षांनी मोठा होता आणि सारखा टाय सैल करत होता. मी सावकाश बोलले. चिठ्ठीतलं सगळं सांगून झालं, तरी तो विचारत राहिला आणि मी सांगत राहिले. बाहेर आले तर फाटकाशी काका सायकल धरून उभे होते, अर्थात कॉलेजकडे पाठ करून.

"झालें?"

"घेतलं, काका! मला घेतलं!"

"ओरडूं नको," पाठ म्हणाली. पण सायकलची घंटी उगाचच दोनदा वाजली.

नोकरीनं मला आधी मद्रासला आणि मग पुण्याला नेलं. दर रविवारी मी फोन करी. फोनवर काका राजा असत, तीन मिनिटं झाली की न चुकता विचारत, आणि मला कामं असत, म्हणून मी बहुतेक वेळा म्हणे, "नको काका, ठेवते."

शेवटची भेट पोंगलच्या सुटीतली. काका खूप वाळले होते. दाराचा पडदा कधीच निघाला होता, खिळे तेवढे उरले होते. त्यांनी आपणहून खुर्ची माझ्यासमोर ओढली. औषधं, डॉक्टर, काकूंचं पेन्शन, गळणारं छप्पर, असं माझ्या यादीतलं सगळं बोलून झालं. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी यादीची घडी केली, पर्समध्ये ठेवली, आणि उठवेना.

"काका," मी म्हटलं, "तीन मिनिटे झाली. वाढवू?"

त्यांनी माझ्या हनुवटीवरून नजर उचलली आणि सरळ डोळ्यांत पाहिलं.

"वाढव गे," ते म्हणाले.