गुरुदत्तकाकांनी अडवलेली बस

गुरुदत्तकाका म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावातलं जुनं प्रस्थ. तीस वर्षं वीज कंपनीत इंजिनिअर, त्यातली दोन ब्रसेल्सला, आणि त्या दोन वर्षांवरून ते आजवर आमचं डोकं खात आलेत. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलक जेवणाला प्लेट हातात घेतली की सुरू: पोर्तुगालपासून पोलंडपर्यंत सगळी जनित्रं एका तालात फिरतात, एका देशाला वीज कमी पडली तर शेजारचा पुरवतो, रेल्वेचे नियमसुद्धा मिळून ठरवतात. अमेरिकेने जरा शेअरिंग शिकावं, हे पालुपद. मला हा माणूस कधीच सहन झाला नाही. उगाच गोड कशाला बोलू?

कारण आमच्या कॉलनीच्या तोंडाशी होणारा बसस्टॉप यांनीच हाणून पाडला. घरांच्या किमती पडतील, भलतेसलते लोक येतील, आणि आपल्यात बसने जातं कोण, असं म्हणत गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत सह्यांचा कागद फिरवला. एका हातात शिरा, दुसऱ्या हातात पेन. तिथे काकांना नाही कोण म्हणणार? स्टॉप कॅन्सल झाला. पुढच्याच वर्षी माझी आई नागपूरहून कायमची राहायला आली. तिला गाडी चालवता येत नव्हती. चार वर्षं ती खिडकीशी बसून माझी वाट बघत राहिली आणि तशीच गेली.

आता काकांची नजर अधू झाली, लायसन्स गेलं. रेखाकाकूंना काही आठवत नाही, म्हणून त्या चार मैलांवरच्या केअर होममध्ये असतात. जेवतात ते फक्त काकांच्या हातून. नर्सने भरवलं तर तोंड घट्ट मिटून घेतात. फोनवरून टॅक्सी बोलवायची तर काकांना स्क्रीन दिसत नाही.

मंगळवारी अकराला मी गाडी काढत होते, तर हे डबा घेऊन समोर उभे. मृणालिनी, तेवढं सोडशील का गं, म्हणाले. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"बसने जा ना काका."

त्यांनी डबा दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, "त्या कागदावर सातवी सही तुझी होती."

होती. तुपाच्या बोटांनी केलेली. आईला मी ते कधीच सांगितलं नाही.

काका वळले आणि फुटपाथ नसलेल्या रस्त्याने चाचपडत चालायला लागले. मी गाडी त्यांच्याशेजारी नेली आणि दार उघडलं.

"बसा. बेल्ट लावा. आणि युरोपचं नाव काढायचं नाही."