चकचकीत की मॅट

माणूस कुठे उभा आहे यापेक्षा तो कशावर उभा आहे, याला जास्त महत्त्व असतं. मी ज्यावर उभा होतो ते काँक्रीट होतं आणि त्याचा भुगा होत होता.

जालन्यातल्या आमच्या घराला फाटकातून आत आल्या आल्या, वरच्या खोल्यांच्या खाली, एका गाडीपुरती जागा आहे. तिला गॅरेज म्हणायची सोय नाही. आमच्याकडे गॅरेज म्हटलं की लोक पंक्चर काढायला येतील. आम्ही पार्किंग म्हणतो. तिथे आता काही पार्क होत नाही. गाडी मुलगी पुण्याला घेऊन गेली. मागे राहिला ऑइलचा एक काळा डाग, पाण्याचे दोन निळे ड्रम आणि ती भुकटी. सकाळी झाडलं की संध्याकाळी पुन्हा पांढरट, बारीक, पायाला कचकच लागणारी. निवृत्त माणसाला न संपणारं काम मिळणं ही खरं तर चैन आहे, पण त्या कचकचीबद्दल माझी एक वेगळी तक्रार होती.

त्या जागेचा खरा उपयोग होळी झाल्यावर होत असे. उडदाचे पापड उन्हात वाळवत नाहीत, सावलीत वाळवतात, आणि आमच्या गल्लीत भर दुपारी एवढी मोठी, वाऱ्याची सावली दुसऱ्या कोणाकडे नव्हती. गाडी बाहेर काढायची, जागा धुऊन घ्यायची, जुन्या साड्या अंथरायच्या. सात-आठ बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायच्या. आज हिचे, उद्या तिचे. माझ्या बायकोकडे सूत्रं असत, म्हणजे ती सगळ्यांना चहा करून द्यायची आणि कोणाचा पापड जाड झाला ते मोठ्यानं सांगायची. मी वरच्या खोलीत पुस्तक उघडून बसायचो. वाचून काही व्हायचं नाही. खालून हसणं वर येत राहायचं.

तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात त्यांच्यापैकी कोणीतरी म्हणालं होतं, "ताई, यंदा पापडात हिंग कमी अन् सिमेंट जास्ती हाय." त्यावर बराच वेळ हसणं चाललं. तिचंही ऐकू येत होतं.

पुढच्या वर्षी ती नव्हती आणि कोणी आलं नाही. वर्षाच्या आत घरात असं काही करत नाहीत, हे मला माहीत होतं. त्याच्या पुढच्या वर्षीही कोणी आलं नाही. त्या उन्हाळ्यात हसणं ऐकू आलं ते गल्लीच्या टोकाच्या एका पत्र्याच्या शेडमधून.

मी नोकरीभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. एक गोष्ट आधी घडली आणि दुसरी नंतर, एवढ्यावरून पहिली दुसरीचं कारण ठरत नाही, हे दरवर्षी फळ्यावर लिहिलं. तरीही मी असा निष्कर्ष काढला की बायका सिमेंटमुळे येत नाहीत. जी इतर कारणं संभवत होती, त्यांपैकी एकही दुरुस्त करता येण्यासारखं नव्हतं. सिमेंटवर इलाज होता.

इलाजाचं नाव एपॉक्सी, म्हणजे काँक्रीटवर चढवायचा कडक, अखंड लेप. हे मला रंगाच्या दुकानात कळलं. दुकानदाराचे पूर्वज राजस्थानातून आलेले, पण चार पिढ्या इथे काढल्यामुळे त्याला जालन्याच्या धुळीचा अभिमान माझ्याइतकाच आहे. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "गाडी कोणती?"

"गाडी नाही."

"येणार आहे?"

"नाही."

त्यानं ठेकेदाराचा नंबर दिला. फार विचारपूस न करता माल विकण्याचं हे सौजन्य व्यापाऱ्यांकडेच असतं.

मुलीनं मात्र फोनवर विचारपूस केली. "बाबा, गाडी नाही तर कोटिंग कशाला?"

"धूळ फार होते."

"मग साध्या टाइल्स बसवून टाका ना."

"टाइल्सच्या सांध्यात पीठ अडकतं."

"कसलं पीठ?"

"धूळ म्हणायचं होतं मला," मी म्हणालो. मग तिनं जेवणाचं विचारलं.

ठेकेदार दुसऱ्या दिवशी सकाळी आला. तो एमआयडीसीतल्या लोखंडाच्या कारखान्यांची आणि बियाण्यांच्या गोदामांची कामं करणारा. बूट चकचकीत, हातात सॅम्पलची पेटी. त्यानं आधी मला एक रंगीत पत्रक दिलं. त्यावर 'आपल्या वाहनाला राजवाड्याची जमीन' असं छापलं होतं आणि खाली एका अशा गाडीचं चित्र होतं, जी आमच्या गल्लीत वळलीच नसती.

"सर, लोड किती येणार?" त्यानं विचारलं. "फोर्कलिफ्ट चालती का?"

"नाही."

"अॅसिडचं काम?"

"लिंबाचं लोणचं असतं कधीकधी."

तो हसला नाही. त्यानं पत्रकातली ओळ दाखवली. ऑइल, ग्रीस, अॅसिड, कशानंच डाग पडत नाही. "टेन्शनच न्हाई सर. परवाच वडीगोद्रीला एका वॉशिंग सेंटरचं करून आल्तो. मालक म्हने, आता झोपतो बी इथंच."

मग निवड सुरू झाली. सांगायला हरकत नाही की मला ती आवडली. बऱ्याच दिवसांनी घरात कोणीतरी माझं मत विचारत होतं. रोलरनं लावायचं की ओतून सपाट करायचं? राखाडी की बिस्किटी? त्यात रंगीत चुरा टाकायचा की नाही? मी वेळ मागून घेतला. तो पुन्हा आला, मी पुन्हा चहा केला. तिसऱ्या खेपेला त्यानं दोन तुकडे माझ्यासमोर ठेवले. एक चकचकीत, एक मॅट.

"मॅट घ्याल तर तुमचं तुमालाच कळंल," तो म्हणाला. "ग्लॉसी घ्याल तर रस्त्यावरून दिसंल."

मला रस्त्यावरून दिसायला हवं होतं. समोरच्या घरातून, गल्लीच्या टोकावरून, पत्र्याच्या शेडमधूनही. मी चकचकीत घेतलं.

"मंग वरून बारीक रेती मारावी लागंल. पाय सटकत न्हाई."

"रेती नको," मी म्हणालो.

"सर, गुळगुळीत होईल. ओलं असलं की घसरंल मानूस."

"रेती बिलकुल नको."

एवढा सगळा खटाटोप कचकचीविरुद्ध होता, आणि हा माणूस ती गॅरंटीसकट परत आणत होता. हे मी त्याला सांगितलं नाही. त्यानं खांदे उडवले.

पार्किंगच्या एका कोपऱ्याखाली पाण्याचा हौद आहे. जालन्यात नळ कधी येईल याचा भरवसा नसल्यामुळे घराखाली हौद असतोच. खालून ओल आली तर एपॉक्सी सुटते, म्हणून ठेकेदारानं त्या भागावर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवला आणि रात्रभर ठेवला. सकाळी कागदाच्या आत थेंब नव्हता. हे स्लॅब चांगला होता म्हणून की हौद रिकामा होता म्हणून, याचा निर्णय अजून झालेला नाही. जमीन कोरडी असल्याचं जाहीर करून त्यानं कामाचा श्रीगणेशा म्हणून तिच्या मधोमध नारळ फोडला. मग ते पाणी वाळेपर्यंत काम थांबलं.

घासायच्या यंत्रानं दोन दिवस गल्ली हादरली. पडदे पांढरे झाले. समोरच्या घरातल्या वहिनी, बायकोच्या सगळ्यात जवळच्या, आपल्या गच्चीवरून म्हणाल्या, "भाऊजी, काय खोदून राह्यले? धन लागलं का?" खूप दिवसांनी त्या माझ्याशी एवढं बोलल्या. मी म्हणालो, "झालं की दाखवतो."

झालं. राखाडी, अखंड, कुठे सांधा नाही. आठवडाभर त्यावर कोणी पाय ठेवायचा नाही अशी अट होती. मी मागच्या दारानं जा-ये केली. इतरांच्या बाबतीत अट पाळायला मला काही करावं लागलं नाही.

होळी होऊन गेली. एका सकाळी मी फाटक सताड उघडं ठेवून पायरीवर पेपर घेऊन बसलो. वहिनी आल्या. चपला फाटकाबाहेर काढल्या आणि तिथेच थांबल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "आरशावानी केलं की. माझं तोंड दिसून राह्यलं त्याच्यात."

"या ना आत."

"नको. पाय उमटतील."

"उमटले तर उमटू द्या, पुसून निघतात. यंदा पापड इथं करा. आता कचकच नाही लागणार."

"कसली कचकच?"

"पापडातली. सिमेंटची. तुमच्यापैकीच कोणीतरी म्हणालं होतं, शेवटच्या वर्षी."

त्यांनी आठवून पाहिलं. "मला न्हाई बाई आठवत." मग जमिनीकडे बघत म्हणाल्या, "पन आता हितं कसं जमंल भाऊजी? लाटताना हाताला तेल, पिठाला तेल. एक थेंब पडला तर जीव हळहळंल."

मी आत जाऊन पत्रक आणलं आणि ती ओळ वाचून दाखवली. ऑइल, ग्रीस, अॅसिड. त्यांनी लग्नातली मंगलाष्टकं ऐकावीत तशी पूर्ण ऐकली.

"जमिनीला काई व्हत नसंल," त्या म्हणाल्या. "आमाला व्हतं ना. अन् घसरलं कोनी तर? निम्म्या जणींचे गुडघे गेलेत."

मग त्या फाटकाची कडी चाचपत म्हणाल्या, "खरं सांगू का? फरशीचं काई न्हाई. ताई होत्या तवा बात निराळी होती. आता तुमी वर एकटे. आमी पाय पसरून बसनार, पदर खोचनार, खिदळनार. सगळ्या म्हनत्यात, सरांना तरास. तुमी वाचत असता."

"मी वाचत नसतो," मी म्हणालो.

हे वाक्य खरं होतं, पण त्यातून पुढे काही निष्पन्न झालं नाही. घरात पुरुष माणूस वाचत असला काय आणि नसला काय, तो वर असतोच. त्या म्हणाल्या, "पत्र्याखाली भट्टी होते हो, पीठ कोरडं पडतं लगेच. तुमच्याकडची सावली न्हाई कुठं," आणि चपला घालून गेल्या.

मी दोन दिवस विचार केला. अडचणी दोन होत्या, एक चकाकी आणि दुसरी मी. पहिलीसाठी मी त्याच रंगाच्या दुकानात जाऊन सगळी जागा झाकेल एवढी ताडपत्री आणली. दुकानदारानं विचारलं, "गळतंय का कुठे?" मी नाही म्हणालो. त्यानं पुढे काही विचारलं नाही. कडेनं ड्रम ठेवून ती ताणून बसवली. राजवाडा दिसेनासा झाला. मग फाटकाची आणि स्वयंपाकघराची किल्ली वहिनींना नेऊन दिली.

"उद्या मी दिवसभर नाही," मी म्हणालो. "घनसावंगीला काम आहे. चहाची पावडर वरच्या फळीवर आहे, तिथेच."

"काय काम?"

"आहे एक."

त्यांनी किल्ली घेतली.

घनसावंगी निवडायचं कारण एवढंच की दुसऱ्या दिवशी मी बसस्टँडवर पोचलो तेव्हा ती गाडी लागलेली होती. म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट असतं. खिडकीतून उसाचे ट्रॅक्टर, कापूस निघालेली काळी रानं बघत गेलो. तिथे उतरल्यावर काम नसलेला माणूस जे करतो ते केलं. चहा घेतला, एका पारावर बसलो, चौकातला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक वाचून काढला. त्यावर उत्सवमूर्तीपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे होते. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कोणाकडं आल्ते?" मी म्हणालो, "कोणाकडे नाही. घरी पाहुणे आलेत." त्याला ते पटल्यासारखं दिसलं. तो म्हणाला, "मंग बराबर हाय."

दुपारी बायका घरी काय बोलत असतील, चहाला साखर सापडली असेल का, पापड कोणाचे जाड झाले असतील आणि ते आता कोण सांगत असेल, याचा विचार करत मी परतीच्या गाडीची वाट पाहिली.

घरी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. फाटक ओढून घेतलेलं. आत कोणी नव्हतं. ताडपत्रीवर जुन्या साड्या होत्या आणि साड्यांवर ओळीनं पापड, कडा जरा वळलेल्या. हिंगाचा वास जिन्यापर्यंत आला होता. त्या साड्यांमधली एक आमच्या कपाटातली होती. ती शोधून काढायला त्यांना फार वेळ लागला नसणार, कुठे काय असतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. धुतलेले कप उपडे ठेवले होते. मोजून पाहावेत असं वाटलं, पण पाहिले नाहीत.

पायरीवर एका ताटलीखाली वाटी होती. उडदाच्या लाट्या, वर कच्चं तेल. पापड करताना हे खायचं असतं, लाटणाऱ्यांच्या मधे हात घालून. मी पायरीवर बसून खाल्ल्या.

वहिनी किल्ली द्यायला आल्या, तेव्हा म्हणाल्या, "उद्या बी हाय बरं का. परवा माझे. तुमचं घनसावंगीचं काम झालं का?"

"एका दिवसात होण्यासारखं नाही," मी म्हणालो आणि किल्ली त्यांच्याकडेच राहू दिली.

एपॉक्सीला पाच वर्षांची गॅरंटी आहे. ताडपत्रीला नाही.