हातोडी माझ्याकडे

आमच्या बागेत आंब्याच्या पेट्या भरायला एक गृहस्थ येतो. हात इतका हलका, की पेटीतल्या आंब्याला वाटावं आपण अजून झाडावरच आहोत. पण झाकणाला खिळे ठोकले रे ठोकले, की त्याच्या डोक्यात किडा वळवळतो: एखादं डागी फळ तर आत गेलं नाही ना? मग खिळे उपटा, पेंढा उपसा, सगळी फळं पुन्हा बघा. एरवी हे एकदाच. मनाला घोर लागला की मात्र सुमार नाही. मुलीच्या लग्नाच्या आठवड्यात एक पेटी त्याने इतक्यांदा उघडली, की आंबे तिथेच पिकले आणि मुंबईऐवजी आमच्या पोटात गेले. डॉक्टरांनी सांगितलंय, ताण वाढला की हा आजार उचल खातो. त्यांचा उपाय एकच: किडा वळवळू दे, पेटी उघडायची नाही.

परवा तीच मुलगी बाळंतपणाला दवाखान्यात आणि टेम्पो दारात. शेवटची पेटी ठोकून त्याने हातोडी माझ्या हातात कोंबली.

"भाऊ, पाया पडलो तरी देऊ नका."

तीनदा त्याचा हात पुढे आला, तीनदा मागे गेला. घाम असा, की खाली भाताची लावणी झाली असती. टेम्पो वळणाआड गेला आणि त्याचा फोन वाजला. जावई होता.

"नात झाली! दोघी बऱ्या आहेत," फोन ठेवून तो म्हणाला.

मी हरखून म्हटलं, "नक्की ना? परत एकदा विचारा की!"

"काय वो भाऊ," तो डोळे पुसत हसला, "एकदा सांगितलं ना त्याने!"